परक्या प्रोसेसरवरचे सॉफ्टवेअर

प्रत्येक प्रोसेसर ठरावीक सूचनासंच ओळखतो. इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरसाठी बनवलेली फाइल आर्म प्रोसेसरला दिली, तर त्यातले बाइट त्याला निरर्थक वाटतात. सोर्स कोड हाताशी असेल तर तो नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल करणे हा सरळ मार्ग. पण अनेकदा कोड गहाळ झालेला असतो, लिहिणारी कंपनी बंद पडलेली असते, किंवा ग्राहकाकडे फक्त तयार प्रोग्रॅम असतो.

ही अडचण जुनी आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हा तिच्या ग्राहकांचे हिशेबाचे असंख्य प्रोग्रॅम १४०१ या आधीच्या संगणकासाठी लिहिलेले होते. ते फेकून द्या, असे सांगितले असते तर नवे यंत्र कोणी घेतलेच नसते. म्हणून ३६० च्या काही मॉडेलांमध्ये १४०१ च्या सूचना समजण्याची सोय यंत्राच्या आतल्या मायक्रोकोडमध्येच केली गेली. एम्युलेटर हा शब्द याच कामातून रूढ झाला.

केवळ सॉफ्टवेअरने हे साधायचे, तर सर्वांत सोपी पद्धत इंटरप्रिटेशनची: एकेक सूचना वाचायची, तिचा अर्थ लावायचा, तसे काम करायचे. ती भरवशाची, पण संथ. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेला क्यूईएमयू हा एम्युलेटर सूचनांचा एक तुकडा एकदाच भाषांतरित करून साठवतो आणि तोच तुकडा पुन्हा आला की साठवलेला वापरतो. सगळी फाइल आधीच भाषांतरित करणे आणखी वेगवान. मात्र फाइलमध्ये कोड कुठे संपतो आणि डेटा कुठे सुरू होतो हे नेहमी कळत नाही, आणि प्रोग्रॅमने चालता चालता तयार केलेला नवा कोड तर आधी हाती लागतच नाही. डिजिटल कंपनीच्या एफएक्स!३२ या भाषांतरकाराने १९९६ मध्ये यावर सुरेख तोड काढली. डिजिटलच्याच अल्फा प्रोसेसरवर विंडोज एनटीचा एक्स८६ प्रोग्रॅम आधी इंटरप्रिटरवर चालायचा, कोणता भाग वापरला गेला याची नोंद व्हायची आणि नंतर मागच्या मागे भाषांतर होऊन पुढच्या खेपेस तो वेगाने चालायचा.

खरी कसोटी बारकाव्यांत लागते. मेमरीतला आकडा रजिस्टरमध्ये मिळवण्याचे काम एक्स८६ एकाच सूचनेत करतो. आर्मला आधी आकडा आणावा लागतो, मग बेरीज करावी लागते. शिवाय त्या बेरजेने एक्स८६ चे सहा फ्लॅग, म्हणजे निकालाबद्दलच्या खुणा, बदलतात, तर आर्मकडे तसे चारच आहेत. हुशार भाषांतरकार पुढे डोकावून पाहतो: एखादा फ्लॅग कोणी वाचण्याआधीच पुसला जाणार असेल, तर तो काढतच नाही.

त्याहून बिकट प्रश्न मेमरीतल्या क्रमाचा. प्रोसेसरच्या एका कोअरने आधी माहिती लिहिली आणि मग ‘माहिती तयार आहे’ अशी खूण केली, तर एक्स८६ वर दुसऱ्या कोअरला हे याच क्रमाने दिसते. आर्म तशी हमी देत नाही. क्रम राखणाऱ्या जादा सूचना जागोजागी घातल्या तर वेग ढासळतो. ॲपलने मॅकसाठीच्या २०२० च्या एम१ या आर्म चिपमध्ये एक्स८६ सारखा क्रम पाळण्याची सोय हार्डवेअरमध्येच दिली. त्या चिपवर एक्स८६ प्रोग्रॅम चालवणाऱ्या रोझेटा २ या ॲपलच्या भाषांतरकाराच्या वेगाचे श्रेय भाषांतराइतकेच या निर्णयाला जाते. १९६४ मध्ये आयबीएमनेही जुन्या सूचनांसाठी यंत्राचीच मदत घेतली होती.

अशी सोय कायमची नसते. मॅकच्या आधीच्या पॉवरपीसी प्रोसेसरचे प्रोग्रॅम इंटेल मॅकवर चालवणारी पहिली रोझेटा २००६ मध्ये आली आणि मॅकच्या २०११ च्या लायन आवृत्तीत काढली गेली; ते प्रोग्रॅम एका अपग्रेडसरशी बंद पडले. रोझेटा २ ही मॅकओएस २७ पर्यंतच पूर्णपणे उपलब्ध राहील आणि पुढे काही जुन्या गेमपुरती उरेल, असे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. ज्या संस्थांचे कामकाज जुन्या प्रोग्रॅमवर चालते, त्यांनी सोर्स कोड असेल तर तो आत्ताच नव्या प्रोसेसरसाठी कंपाइल करून घ्यावा. नसेल, तर क्यूईएमयूसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर तो प्रोग्रॅम चालतो का, हे जुने यंत्र सुरू आहे तोवरच तपासून ठेवावे.