ग्रीकांचा इतिहास आणि ‘यवन’ हा शब्द

प्राचीन ग्रीसचा मोठा इतिहास वाचायला घेतला, की पहिली अडचण येते ती परकेपणाची. अथेन्स, स्पार्टा, त्यांची युद्धे, त्यांची नाटके हे सारे दूरचे वाटते. अनेक वाचक अलेक्झांडरच्या मृत्यूपाशी, म्हणजे इ.स.पू. ३२३ पाशी, पुस्तक मिटतात. जॉर्ज ग्रोट यांनी १८४६ ते १८५६ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केलेला ग्रीसचा इतिहासही अलेक्झांडरच्या पिढीपाशीच थांबतो. आपला ग्रीकांशी संबंध मात्र मुख्यतः त्यानंतरच्या काळात येतो, आणि तो समजण्याची किल्ली ‘यवन’ या शब्दात आहे.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील ग्रीकांच्या प्रदेशाचे नाव आयोनिया. त्यावरून इराणी लोक सर्वच ग्रीकांना ‘यौन’ म्हणू लागले. प्राकृतात ‘योन’ आणि संस्कृतात ‘यवन’ ही त्याचीच रूपे. गिरनारच्या शिलालेखात अशोकाने अंतियक नावाच्या योनराजाचा उल्लेख केला आहे.

सुरतेच्या नवागाम भागात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथील वाचकाला या इतिहासाच्या खुणा जवळच सापडतील. उत्तरेला नर्मदेच्या मुखाशी भरूच आहे. ग्रीक लोक त्याला बॅरिगाझा म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत या बंदराचे सविस्तर वर्णन आहे. भरतीच्या जोरामुळे परकी जहाजांना वाट दाखवायला स्थानिक कोळी नावा घेऊन सामोरे जात. अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी तेव्हाही तेथे चालत. हा मिनँडर म्हणजेच बौद्ध ग्रंथांतला मिलिंद. पैठण आणि तेर येथून गाड्यांवर लादलेला माल भरूचला येई. तेरच्या मालात सुती कापड मुख्य होते. सुरतेच्या कापडबाजाराशी ज्यांचे पोट जोडलेले आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

आता नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांकडे वळू. तेथील १७ व्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्री गावचा ‘योनक’. वडिलांचे नाव धर्मदेव. त्याने हे लेणे आईवडिलांच्या प्रीत्यर्थ कोरविले. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे आहेत. बरीचशी नावे भारतीय आहेत. तेव्हा हे सारे ग्रीक वंशाचेच होते, असे केवळ ‘यवन’ शब्दावरून ठरविता येत नाही. ते स्वतःला यवन म्हणवीत आणि बौद्ध संघाला दान देत, एवढे मात्र निश्चित.

पुढे याच शब्दाचा अर्थ बदलला. मराठी बखरींत ‘यवन’ म्हणजे मुसलमान, आणि बहुधा शत्रुपक्षाचा. बखरीतला हा अर्थ मनात ठेवून लेण्यातला लेख वाचला, तर आईवडिलांच्या नावे दान देणारा माणूस आपल्याला आक्रमक वाटू लागेल. चूक एका शब्दाची, पण तिने सगळा भूतकाळ उलटा दिसतो.

म्हणून ग्रीकांचा इतिहास वाचताना दोन गोष्टी कराव्यात. अलेक्झांडरनंतरची प्रकरणे वगळू नयेत. आणि प्रत्येक शब्दाला, तो कोणत्या काळात बोलतो आहे, हे आधी विचारावे.