गाडी उशिरा आली, खाडा पडला : रेल्वेकडे भरपाई कशी मागायची?

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला चैत्यभूमी आणि जमलेच तर एकदा बुद्धगया. कागल पंचतारांकित एमआयडीसीत राबणारे आपले अनेक बांधव या प्रवासासाठी वर्षभर रजा राखून ठेवतात. कोल्हापूरहून नागपूर, गयामार्गे धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच असते. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही गावी जायला रेल्वेवरच अवलंबून असतात. परतीची गाडी पाच-सहा तास उशिरा आली की पाळी चुकते आणि खाडा पडतो. कंत्राटी कामगाराच्या हातातून त्या दिवसाची मजुरी जाते.

कामगारांशी बोलताना आम्हाला यावर एकच उत्तर मिळते : “रेल्वेशी कोण भांडणार?” हक्क आहे, पण तो कसा मागायचा हे माहीत नाही, अशी ही स्थिती आहे. म्हणून ही माहिती.

परतावा वेगळा, भरपाई वेगळी

उशीर झाला की रेल्वे आपोआप पैसे देते, असा काहींचा समज आहे. तो तेजस एक्सप्रेसमुळे झाला. 2019 मध्ये आयआरसीटीसीने या गाडीला एका तासाहून जास्त उशीर झाल्यास 100 रुपये आणि दोन तासांहून जास्त झाल्यास 250 रुपये देण्याची योजना आणली होती. ती पुढे बंद झाली. आपल्या नेहमीच्या मेल-एक्सप्रेसला अशी योजना नाही. आपल्यासमोर दोन वेगळे मार्ग आहेत : प्रवास केला नाही तर भाड्याचा परतावा आणि प्रवास करूनही नुकसान झाले तर भरपाई.

प्रवास करायचा नसेल तर

आपण जिथून चढणार त्या स्थानकावर गाडीला तीन तासांपेक्षा जास्त उशीर असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर आरक्षित तिकिटाचे पूर्ण भाडे परत मिळते. कन्फर्म, आरएसी, वेटिंग अशा सर्व तिकिटांना हा नियम आहे. खिडकीवर काढलेले तिकीट गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी स्थानकावर जमा करावे. मोबाइलवर काढलेल्या तिकिटासाठी त्याच वेळेच्या आत आयआरसीटीसीवर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा. त्यात गाडीला तीन तासांहून अधिक उशीर आणि प्रवास केला नाही, हे कारण निवडावे. घाईत तिकीट नुसते ‘कॅन्सल’ केले तर पैसे कापले जातात. गाडी सुटून गेल्यावर अर्ज केला तर या कारणाने परतावा मिळत नाही.

प्रवास केला आणि नुकसान झाले तर

इथे सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2021 चा निकाल महत्त्वाचा आहे. अजमेर-जम्मू गाडी सुमारे चार तास उशिरा पोहोचली. एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले आणि त्यांना टॅक्सीने जावे लागले. अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाने भरपाई मंजूर केली. रेल्वे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. उशीर आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला, हे रेल्वेने पुराव्यानिशी दाखवावे; नाहीतर ती सेवेतील त्रुटी ठरते आणि भरपाई द्यावी लागते, असे न्यायालयाने म्हटले.

त्या खटल्यात विमान चुकले होते, पण तत्त्व विमानापुरते नाही. प्रवाशाच्या वेळेला किंमत आहे, हे त्याचे सार आहे. मग कामगाराच्या बुडालेल्या मजुरीला किंमत का नसावी? अर्थात निर्णय आयोगच घेतो. पूर, रुळावर दरड अशी कारणे रेल्वेने सिद्ध केली तर भरपाई मिळणार नाही. म्हणून पुरावा भक्कम हवा.

काय जपून ठेवावे

• तिकीट. जनरलचे असले तरी फेकू नका. तेच आपण ग्राहक असल्याचा पुरावा आहे.
• गाडीची ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ दाखवणारा मोबाइलचा स्क्रीनशॉट, रेल्वेचे संदेश.
• 139 वर किंवा रेल मदद अॅपवर केलेल्या तक्रारीचा क्रमांक.
• खाडा आणि कापलेली मजुरी दाखवणारी हजेरीची नोंद, पगाराची चिठ्ठी. जादा बस-रिक्षाची पावती असल्यास तीही.

उशिराचे कारण रेल्वेकडून माहिती अधिकारात लेखी मागवता येते. शुल्क 10 रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. माहिती 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.

तक्रार कुठे करायची?

आधी रेल्वेला लेखी मागणी पाठवावी. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. या कायद्याने एक मोठी सोय केली : तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार चालते. गाडी गयेला रखडली म्हणून गयेला जावे लागत नाही. कागलच्या कामगाराला कोल्हापूरचा आयोग पुरतो. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन अर्ज चालतो. मुदत दोन वर्षांची आहे. फक्त भाडे परत मिळण्याचा वाद असेल, तर त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे.

एका मजुरीसाठी तारखांना जाऊन आणखी खाडे कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच कायद्यात एक वाट आहे. एकाच गाडीने आलेल्या, सारखेच नुकसान झालेल्या अनेक प्रवाशांना आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करता येते. दीक्षाभूमीहून परतताना वीस जणांचे खाडे पडले असतील, तर वीस जणांची कागदे एका फाइलीत येऊ शकतात.

हे काम आपल्या विहारांतून सहज होईल. शिकलेल्या मुला-मुलींनी टीडीआर, माहिती अधिकार आणि ग्राहक तक्रार हे तीन अर्ज शिकून घ्यावेत. यात्रेला निघण्यापूर्वी सर्वांच्या तिकिटांचे फोटो एकाने जमा करून ठेवावेत. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण दर जयंतीला म्हणतो. बुडालेल्या एका मजुरीचा अर्ज नीट भरणे हाही त्याचाच भाग आहे.