नवरीचा चेहरा आणि खिडकींतला उजेड

आमच्या विरारांत लग्नसराई आली म्हणजे नवरीस सजविणाऱ्या भगिनींची धांदल उडते. या व्यवसायांत नव्यानें पडलेलीस काम मिळावयाचें तर पूर्वीं सजविलेल्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांचा संग्रह तिच्याजवळ हवा. पण दोन तास खपून केलेली नाजूक रंगभूषा मोबाइलच्या चित्रांत पाहावी, तों नाक फुगलेलें आणि कपाळ पांढरें फटक! दोष बहुधा हाताचा नसून उजेडाचा व अंतराचा असतो. तो कसा टाळावा हें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

रंगभूषा आणि कॅमेरा यांचा बेबनाव जुनाच आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणिला. त्यांत तारामती झाले होते साळुंके नांवाचे पुरुष नट. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळें लाल ओठ काळे उमटत. ती अडचण आतां उरली नाहीं. पण आपला डोळा जें सांभाळून घेतो तें कॅमेरा आजहि घेत नाहीं.

मोबाइल चेहऱ्यापुढें हातभर अंतरावर धरला तर नाक कानांपेक्षां त्यास बरेंच जवळ पडतें, म्हणून मोठें दिसतें. पांच-सहा फूट मागें सरावें, व मोबाइलांत दूरचें जवळ आणणारें दुसरें भिंग असल्यास तें वापरावें.

उजेडासाठीं खिडकीसारखी सोय नाहीं. डोक्यावरच्या दिव्यानें डोळ्यांखालीं खळगे पडतात, तो मालवावा. नवरीस खिडकीपासून दोन-तीन फुटांवर किंचित् तिरपें बसवावें आणि दुसऱ्या बाजूस पांढरी चादर धरावी, म्हणजे सांवली निवळते. चेहऱ्यावर थेट ऊन नको. जीवदानीच्या डोंगराच्या पश्चिम पायथ्याशीं राहणाऱ्यांस सकाळचें ऊन अंमळ उशिरां गांठतें. तो मऊ उजेडाचा वेळ त्यांनीं वायां दवडूं नये. भिंत हिरवी असली तर तिची झांक गालावर येते, हेंहि ध्यानांत असावें.

नथ डाव्या नाकपुडींत असते. उजेड उजवीकडून आला तर नाकाची सांवली पडून मोतीं झांकोळतात. यास्तव नवरीचा डावा गाल खिडकीकडे करावा. वसईकडील ख्रिस्ती नवरीचा प्रकार निराळा. तिच्या शुभ्र झग्यानें कॅमेरा फसतो व सारें चित्र काळवंडवितो. पडद्यावर तिच्या चेहऱ्यास बोट लावून उजेड त्यावरून ठरवावा. फ्लॅश शक्यतों टाळावाच. पावडरींत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलें तर त्या झोतांत चेहरा राख फासल्यासारखा दिसूं शकतो.

इतकें करूनहि पुष्कळ जणी शेवटीं मोबाइलवर चेहरा गोरा करून टाकतात. हें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. आमच्या माहितींतील एका सांवळ्या नवरीचें चित्र असें उजळविलें गेलें, तें पाहून तिच्या आजीनें विचारलें, “ही कोणाची गो?” बिचारी नात ओशाळली! पुढें तोच संग्रह दुसरी सांवळी मुलगी चाळते. आपल्या वर्णाचा एकहि चेहरा तिला सांपडत नाहीं, आणि ही बाई आपल्याला काय करून ठेवील या धास्तीनें ती उठून जाते.

छायाचित्र संग्रहांत ठेवण्यास नवरीची संमति मात्र अवश्य घ्यावी. मंडपांत जाण्याच्या घाईंत तें राहून जातें. म्हणून तिला आरशापुढें बसवितांनाच विचारावें.