पाणी उकळलं की झालं? हिरव्या पाण्याला हा नियम लागत नाही

उन्हाळ्यात एका सोमवारी वर्गात शिरताच एका मुलानं विचारलं, "सर, रंकाळ्यात कुणी रंग ओतलाय का?" रविवारी घरचे सगळे फिरायला गेले होते. काठाला हिरवा, दाट साका जमला होता. धाकट्या भावानं त्यात पाय सोडले आणि रात्रभर पाय खाजवत बसला. वर्गात चर्चा सुरू झाली. एक मुलगी म्हणाली, "आमची दादी म्हणते, पाणी उकळलं की सगळं मरतं."

दादीचं म्हणणं बहुतेक वेळा खरंच असतं. कावीळ, जुलाब, टायफॉइड यांचे जंतू उकळल्यानं मरतात. पण या हिरव्या पाण्याचं प्रकरण वेगळं आहे. ते घराघरांत माहीत असायला हवं, म्हणून हा लेख.

हे नेमकं काय आहे?

आपण सगळ्याच हिरव्या थराला शेवाळ म्हणतो. दगडावरचं, बोटांनी दोऱ्यासारखं उचलता येणारं शेवाळ सहसा निरुपद्रवी असतं. ज्याची भीती बाळगायची ते 'नीलहरित शेवाळ'. नाव शेवाळाचं असलं तरी हे खरं तर सूक्ष्म जिवाणू आहेत. ते वनस्पतीसारखे उन्हावर अन्न तयार करतात. त्यातल्या 'मायक्रोसिस्टिस' नावाच्या प्रकाराच्या पेशींत हवेचे बारीक फुगे असतात, त्यामुळे तो तरंगत वर येतो आणि वारा त्याला काठाशी लोटतो. पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखं दिसतं. रंकाळ्याच्या पाण्यात हा मायक्रोसिस्टिस अभ्यासकांना सापडलेला आहे.

तो एवढा वाढतो कशामुळे?

मशिदीचा जुना, उघडा हौद आठवा. पाणी बदललं नाही, वर ऊन पडलं, पानं-कचरा आत कुजला की आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरवं. ऊन, साचलेपण आणि अन्न या तीन गोष्टी जमल्या की झालं. तलावाचंही तेच, फक्त हौद मोठा.

यातलं अन्न म्हणजे मुख्यतः फॉस्फरस आणि नायट्रोजन. शेतात आपण डीएपी आणि युरिया टाकतो तो याच दोन गोष्टींसाठी. उसाला घातलेलं जास्तीचं खत पावसाबरोबर ओढ्यात येतं. मैल्यात, जनावरांच्या शेणात, काही धुण्याच्या पावडरींत हेच असतं. गोड्या पाण्यात सहसा फॉस्फरसचीच कमतरता असते, त्यामुळे तो मिळाला की शेवाळाचा बांध फुटतो. 1 किलो फॉस्फरसवर शेकडो किलो ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं.

आम्ही वर्गात 3 बाटल्या ठेवल्या होत्या, तिन्हींत तळ्याचं पाणी. पहिलीत काही घातलं नाही. दुसरीत चिमूटभर डीएपी घालून ती खिडकीत ठेवली. तिसरीतही डीएपी घातलं, पण ती काळ्या कागदात गुंडाळली. दोन आठवड्यांनी दुसरीच गच्च हिरवी झाली होती. तो मुलगा म्हणाला, "म्हणजे रंकाळ्याला कुणीतरी खत घालतंय!" बरोबर. ते कुणीतरी म्हणजे आपणच.

रंकाळ्यापासून पंचगंगेपर्यंत

श्याम सोसायटी नाल्यासारख्या नाल्यांतून वर्षानुवर्षं रंकाळ्यात सांडपाणी मिसळत राहिलं. पाणी हिरवं पडलं, दुर्गंधी सुटली, केंदाळ माजलं. केंद्राच्या तलाव संवर्धन योजनेतही रंकाळ्याचा समावेश झाला. पण तळाच्या गाळात जुना फॉस्फरस साठलेला असतो. नाला वळवला तरी उन्हाळ्यात तो गाळातून वर येत राहतो. म्हणून "एवढा खर्च केला, तरी पाणी हिरवंच कसं?" असं लोक विचारतात.

आपल्या शाहूपुरीला तलाव नाही, पण जयंती नाला आहे. तो शहराचं सांडपाणी घेऊन पंचगंगेकडे जातो. ते पाणी पंपानं उचलून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. पंप बंद पडला किंवा मोठा पाऊस झाला की नाला ओसंडून थेट नदीत. खाली इचलकरंजी आणि शिरोळ तालुका याच नदीच्या काठी आहेत. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती मैलामिश्रित पाण्यामुळे. तो रोग विषाणूचा, शेवाळाचा नव्हे. पण दोन्हींचं मूळ एकच, ते म्हणजे पाण्यात सोडलेला मैला.

नुकसान काय होतं?

पहिला मार मासळीला. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तोच ओढून घेतं. मेलेलं शेवाळ कुजतानाही प्राणवायू खातं. म्हणून अशा पाण्यात मासे बहुतेक पहाटे मरतात. असे तरंगणारे मासे फुकट मिळाले म्हणून घरी आणू नका.

दुसरा मार विषाचा. मायक्रोसिस्टिसमधून 'मायक्रोसिस्टिन' हे विष तयार होऊ शकतं. अंगाला लागलं तर खाज-पुरळ, पोटात गेलं तर उलटी-जुलाब, आणि जास्त गेलं तर यकृतावर घाला. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात असं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि 50 हून अधिक रुग्ण दगावले. 2020 मध्ये बोट्स्वानात 300 हून जास्त हत्ती मेले, त्याचं कारणही पाणवठ्यातलं हे विषच असल्याचं तिथल्या सरकारनं सांगितलं. मग आपल्या शेळीचं काय!

आता उकळण्याबद्दल. विष म्हणजे जिवंत जंतू नव्हे, उकळून ते मरत नाही. उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात येतं आणि वाफ गेल्यामुळे उरलेलं पाणी आणखी कडक होतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे 4 लाख लोकांना जवळपास 3 दिवस नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका, असं सांगावं लागलं होतं. तुरटी फिरवून किंवा साध्या कॅंडल फिल्टरनंही हे विष जाईल याचा भरवसा नाही.

घरी काय करायचं?

रंगासारखा थर दिसला की त्या पाण्यात पोहणं, कपडे धुणं, वुजू करणं टाळा. मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा. अंगाला लागलं तर स्वच्छ पाण्यानं लगेच धुवा. पोटात गेल्यावर उलट्या झाल्या तर डॉक्टरांना "हिरवं पाणी प्यायलं" हे आवर्जून सांगा. नळाला हिरवट रंग किंवा मातकट वास आला तर ते पाणी पिऊ नका, महापालिकेला कळवा.

मोरचूद टाकून तलाव साफ करू, असं काही जण सुचवतात. त्यानं शेवाळ मरतं खरं, पण विष एकदम पाण्यात सुटतं. केंदाळ काढायचं तर कुजण्याआधी काढून काठापासून लांब न्यायला हवं. गाळ काढणं, कारंज्यांनी हवा खेळती ठेवणं याचा उपयोग होतो, पण नाला बंद झाल्यावरच. अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या वॉशिंग्टन तलावात 1960 च्या दशकात सांडपाणी येणं बंद केलं आणि काही वर्षांत तलाव निवळला. म्हणजे होतं, पण आधी तोटी बंद करावी लागते.

आपल्या हातात काय? धुण्याची पावडर मोजून वापरा. संडासाची पाइप उघड्या गटारीला जोडलेली असेल तर ड्रेनेजला जोडून घ्या. गोठ्याचं शेण नाल्यात लोटू नका. बकरी ईदला कुर्बानीचं रक्त आणि आतडी गटारीत न सोडता खड्ड्यात पुरा किंवा महापालिकेच्या गाडीत द्या. रक्तातही तेच खत असतं. गल्लीच्या बैठकीत एक प्रश्न लावून धरा: आमच्या गल्लीचं पाणी शेवटी जातं कुठे?

पाणी ही अल्लाहची नेमत आहे, हे आपण मुलांना शिकवतोच. त्याच्याबरोबर हेही शिकवू या की आपल्या मोरीतून गेलेलं पाणी नाहीसं होत नाही. ते नदीला मिळतं आणि खालच्या गावातल्या कुणाच्या तरी हंड्यात जातं.