कर्करोगाचे लाल औषध डीएनएत शिरते तेव्हा…

स्तनाच्या कर्करोगावर अनेकदा लाल रंगाचे औषध शिरेतून देतात. त्याचे नाव डॉक्सोरुबिसिन. केस गळू लागले की 'औषध बाधले' असे समजून उपचार अर्ध्यावर सोडू नयेत, यासाठी ते काय करते हे समजून घेऊ.

डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. या औषधाच्या रेणूचा सपाट भाग शिडीच्या दोन पायऱ्यांमधल्या फटीत शिरतो. त्याला जोडलेली साखर शिडीच्या अरुंद खाचेत बसते. डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-२ हे विकर तो कापते आणि पुन्हा सांधते. औषध मध्ये अडकले की सांधणे होत नाही. तुटलेल्या डीएनएमुळे पेशी मरते.

औषधाला आजारी आणि निरोगी पेशींतला भेद कळत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशींना जास्त मार बसतो. केसांच्या मुळांतील पेशी तशाच असतात, म्हणून केस गळतात. उपचारांनंतर ते बहुधा परत येतात. हृदयाला मात्र खरा धोका असतो, म्हणून आयुष्यभराच्या एकूण मात्रेला मर्यादा आहे.

कार्यकर्त्यांनी रुग्णाच्या घरी एवढे सांगावे : केस गळणे हा अंगाऱ्या-धुपाऱ्याचा विषय नाही. ताप आला, धाप लागली तर लगेच डॉक्टरांना गाठा. औषध परस्पर बंद करू नका.