परीक्षा बदलते तेव्हा पहिल्या तुकडीचे काय?

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत केंब्रिजची आयजीसीएसई, ए-लेव्हल किंवा जिनिव्हास्थित संस्थेची आयबी डिप्लोमा या परीक्षा आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मात्र राज्य मंडळाच्या परीक्षांची सवय असलेल्या पालकांना एक गोष्ट उशिरा ध्यानात येते. या परीक्षांचे अभ्यासक्रम ठरावीक वर्षांनी नव्याने लिहिले जातात. मोठ्या भावाच्या वह्या, जपून ठेवलेल्या प्रश्नपत्रिका आणि क्लासमधील टिपणे धाकट्या बहिणीच्या वेळी निरुपयोगी ठरू शकतात. बदलाचा पहिला भार ज्या तुकडीवर पडतो, तिच्यापुढे सरावासाठी जुन्या प्रश्नपत्रिका नसतात आणि शिक्षकही त्या अभ्यासक्रमाला नवखेच असतात.

या बदलांचे सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. ओ-लेव्हल आणि सीएसई या दोन परीक्षांच्या जागी आलेल्या जीसीएसईची पहिली परीक्षा १९८८ मध्ये झाली. पुढे मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री असताना तिची पुनर्रचना ठरली. भागाभागाने परीक्षा देण्याची सोय गेली, वर्गात होणाऱ्या मूल्यमापनाचा वाटा घटला आणि सारा भर अखेरच्या लेखी परीक्षेवर आला. ए ते जी या अक्षरी श्रेणींऐवजी ९ ते १ असे अंक आले. गणित, इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य या विषयांचे असे निकाल प्रथम २०१७ मध्ये लागले. जुन्या सी श्रेणीची खालची सीमा ४ या अंकाशी, तर ए श्रेणीची खालची सीमा ७ या अंकाशी जोडण्यात आली.

मग अवघड परीक्षेला प्रथम सामोऱ्या गेलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान झाले काय? परीक्षांवर नियंत्रण ठेवणाऱ्या ऑफक्वाल या संस्थेने याची तरतूद केली होती. नवी तुकडी पूर्वीच्या कामगिरीत मागील तुकडीसारखीच असेल, तर प्रत्येक श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाणही साधारण तेवढेच राहावे, असे हे तत्त्व आहे. नव्या परीक्षेच्या आरंभी गुण घसरतात आणि शिक्षक-विद्यार्थी तिला सरावले की हळूहळू चढतात, हा अनुभव त्यामागे आहे. त्यामुळेच २०१७ मध्ये गणिताच्या वरच्या स्तरावरील प्रश्नपत्रिकांत वीस टक्क्यांहून कमी गुणांनाही ४ ही श्रेणी मिळाली. तात्पर्य, गुण कमी दिसले म्हणून श्रेणी घसरतेच असे नाही. गुण आणि श्रेणी यांतील हा भेद टक्केवारीच्या हिशेबाने विचार करणाऱ्या आपल्याकडील पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

नाव तेच, पण नियम वेगळे, असाही एक धोका असतो. इंग्लंडमधील ए-लेव्हलमध्ये २०१५ पासून टप्प्याटप्प्याने एएस परीक्षा वेगळी काढण्यात आली. तिचे गुण आता अंतिम निकालात धरले जात नाहीत. केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय ए-लेव्हलमध्ये मात्र एएसचे गुण पुढे नेण्याची मुभा अद्याप आहे. इंग्लंडमधील नातेवाइकांचा सल्ला प्रामाणिक असला, तरी तो येथील विद्यार्थ्याला लागू पडेलच असे नाही.

आयजीसीएसईच्या गणितातही असाच बदल झाला. २०२५ च्या परीक्षांपासून गणकयंत्राविना सोडवायची प्रश्नपत्रिका आली. पाढे आणि तोंडी हिशेब यांना पुन्हा महत्त्व आले, हे अनेक आजी-आजोबांना सुखावणारे असले, तरी दोन वर्षे गणकयंत्रावर विसंबलेल्या मुलाला ही सवय महिन्याभरात लागत नाही. आयबीने २०१९ मध्ये गणिताचे जुने चार पर्याय मोडून विश्लेषणावर भर देणारा एक आणि उपयोजनावर भर देणारा दुसरा, असे दोन अभ्यासक्रम आणले. त्यांची पहिली परीक्षा २०२१ ची. येथे चुकीची निवड महागात पडते, कारण परदेशांतील काही विद्यापीठे अभियांत्रिकीसाठी विश्लेषणाचाच अभ्यासक्रम, तोही उच्च स्तरावर, मागतात. आयबीच्या विज्ञान विषयांचा नवा अभ्यासक्रम २०२३ मध्ये सुरू झाला व त्याची पहिली परीक्षा २०२५ मध्ये झाली. त्यात पूर्वीचे ऐच्छिक घटक वगळण्यात आले. जुनी पुस्तके वापरणारा विद्यार्थी नको तेच वाचत बसण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली.

यावर उपाय कठीण नाहीत, पण ते वेळीच करावे लागतात. केंब्रिजच्या प्रत्येक अभ्यासक्रम पुस्तिकेवर तो कोणत्या वर्षांच्या परीक्षांसाठी आहे, हे छापलेले असते. विद्यार्थ्याचे परीक्षावर्ष त्यात बसते का, हे सर्वप्रथम पाहावे. त्यासोबत मंडळ नमुना प्रश्नपत्रिका आणि गुणदान योजना प्रसिद्ध करते. पहिल्या तुकडीसाठी हाच सर्वांत विश्वासार्ह आधार असतो. जुन्या प्रश्नपत्रिका टाकून देण्याचे कारण नाही. मात्र नव्या अभ्यासक्रमाशी ताडून त्यांतील लागू पडणारे प्रश्न निवडावेत. 'वर्णन करा', 'स्पष्ट करा' आणि 'मूल्यमापन करा' या सूचनांना वेगवेगळे उत्तर अपेक्षित असते. पाठांतरावर वाढलेली मुले येथेच गुण गमावतात. नापास झालेल्या किंवा श्रेणी सुधारू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने फेरपरीक्षा जुन्या अभ्यासक्रमावर की नव्यावर, हे शाळेकडून लेखी विचारून घ्यावे.

विषयनिवडीचा धागा पुढील प्रवेशाशी जोडलेला असतो. आयजीसीएसईनंतर महाराष्ट्रात अकरावीला येणाऱ्यांच्या श्रेणींचे गुणांत रूपांतर करावे लागते, तर भारतातील पदवी प्रवेशासाठी समकक्षतेचा प्रश्न येतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांपैकी एखादा विषय नववीतच सुटला, तर नंतर पश्चात्तापावाचून हाती काही उरत नाही.

बदल येथे थांबणारे नाहीत. इंग्लंडच्या अभ्यासक्रम फेरआढावा समितीने नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात जीसीएसई परीक्षांचा एकूण वेळ सुमारे दहा टक्क्यांनी कमी करण्याची शिफारस केली. परीक्षेचे स्वरूप मुलांच्या हाती नाही; पण बदलाची माहिती त्यांच्यापर्यंत दोन वर्षे आधी पोहोचवणे शाळा आणि पालक यांच्या हाती निश्चितच आहे.