तळपायाचा काळा डाग आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला



या पानावर मी नेहमी बेणे, खोडवा, पाणी आणि खत यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे. मागच्या हंगामात आपल्या गटातल्या दोन सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, वडिलांना कॅन्सर निघाला, लई पसरला म्हणतात. आता दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं का? पहिल्या डॉक्टरला राग तर नाही येणार?" हा प्रश्न माझ्याही घरात येऊन गेला आहे, म्हणून चार गोष्टी मांडतो.

माझ्या वडिलांनी जन्मभर वावरात अनवाणी काम केले. त्यांच्या टाचेवर काळा डाग आला. कुणी म्हणाले काटा मोडला, कुणी म्हणाले कुरूप आहे. एके ठिकाणी तो कुरूप समजून कापला आणि कापलेला तुकडा तपासणीला न पाठवता टाकून दिला. जखम काही भरेना. आठ महिन्यांनी जांघेत अवधान आले. पायाला जखम आहे, अवधान येणारच, असे आम्ही समजलो आणि आणखी दोन महिने घालवले. शेवटी २०१८ च्या दसऱ्यानंतर तुकडा तपासला, तेव्हा मेलॅनोमा हे नाव कळले.

मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो उन्हामुळे अंगावर कुठेही होतो. आपल्या लोकांत तो फार कमी आढळतो. पण होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात, नखाखालची जागा किंवा तोंडाच्या आत होतो. म्हणूनच काटा, कुरूप, ठेच किंवा साखरेची जखम समजून वेळ जातो. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग निघाला. आधी तो फुटबॉल खेळताना झालेली इजा समजला गेला होता. १९८१ साली ३६ व्या वर्षी ते वारले.

ज्या डागाची कड वेडीवाकडी आहे, ज्यात दोन-तीन रंग आहेत, जो वाढतो किंवा ज्यातून रक्त येते, तो डाग, तसेच नखातला रुंद होत जाणारा काळा पट्टा डॉक्टरांना दाखवावा. कापलेला तुकडा तपासणीस पाठवला का, हे तोंडाने विचारावे.

आता दुसऱ्या सल्ल्याविषयी. ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. लोहाच्या कमतरतेचा केवडा आहे की मुळाशी पाणी साचले आहे, ते आधी बघतो. रोगाचेही तसेच आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडून तीन गोष्टी पक्क्या करायच्या असतात. रोगाचे नाव बरोबर आहे का? तो कुठवर गेला आहे? आणि उपचार रोग बरा करण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी? ही तिसरी गोष्ट घरातली माणसे विचारीत नाहीत, आणि सगळी ओढाताण तिथेच होते.

आम्हाला पहिल्या सर्जननी गुडघ्याखाली पाय काढण्यास सांगितले होते. भाऊ म्हणाला, एकर विकू पण उद्याच ऑपरेशन करू. चुलते म्हणाले, या वयात काहीच करू नका. मी सर्जनना भीतभीत विचारले, "मुंबईला एकदा दाखवून येऊ का?" ते म्हणाले, "अवश्य जा," आणि सगळी कागदपत्रे त्यांनी स्वतः काढून दिली. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

सोबत काय न्यावे?

१) तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. दुसरे तज्ज्ञ ती पट्टी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.
२) स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड.
३) चालू औषधांची चिठ्ठी, बीपी-साखरेच्या गोळ्यांसह.
४) रेशनकार्ड आणि आधारकार्ड.

कागद मागणे हा उपकार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेतही दुसरा सल्ला घेण्याचा हक्क नमूद आहे.

कुठे जावे? छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. खेड्यातील कर्करोगाची नोंदवही १९८७ साली त्या बार्शीत सुरू झाली. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. प्रवास झेपत नसेल तर टाटा व राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड यांच्या सहकार्याने चालणाऱ्या 'नव्या' या सेवेकडे घरबसल्या रिपोर्ट पाठवून मत मागवता येते. नांदेडहून मुंबईला जाताना कॅन्सरच्या रोग्याला व सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत रोग्यांची राहण्याची सोय होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. जमिनीचा सौदा त्यानंतरची गोष्ट.

डॉक्टरांना काय विचारावे? डागाची जाडी किती मिलिमीटर होती? अमेरिकेतील ब्रेस्लो यांनी १९७० साली हे माप घालून दिले, आजही त्यावर बरेच ठरते. जांघेच्या गाठीत रोग आहे का? फुप्फुस, यकृत, मेंदू तपासले का? जनुकाची तपासणी करून काही गोळी लागू पडेल का? शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे २०११ पासून या रोगावर आली. त्यामागच्या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले. काही रोगी त्यावर वर्षानुवर्षे जगले आहेत. मात्र तळपायाच्या मेलॅनोमावर त्यांचा गुण तुलनेने कमी येतो आणि खर्च मोठा असतो. म्हणून "आमच्या वडिलांना याचा किती उपयोग?" असेच विचारावे. शेवटी, "काहीच केले नाही तर काय होईल?" हेही विचारावे.

परळला आमच्या वडिलांचे स्कॅन झाले. रोग फुप्फुसात गेलेला निघाला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, "पाय काढून आता रोग जाणार नाही. जखम साफ ठेवू, औषध देऊ, दुखणे आवरू." मला आधी वाटले, पहिल्यांचे चुकले. पण त्यांच्याकडे तो स्कॅन नव्हताच. दोन मते वेगळी आली की कोण हुशार हे शोधू नये. कोणती माहिती एकाकडे होती आणि दुसऱ्याकडे नव्हती, ते शोधावे. आणि गोड वाटेल तेच मत खरे मानून पाचव्या-सहाव्या डॉक्टरकडे फिरत राहू नये. दुसरा सल्ला दोन-तीन आठवड्यांत उरकावा. उपचार चालू असेल तर पहिल्या डॉक्टरना विचारल्याशिवाय बंद करू नये. शंभर टक्के बरे करतो म्हणणाऱ्या जडीबुटीवाल्याचे मत हा दुसरा सल्ला नव्हे.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. आम्ही भाऊ-भाऊ दारामागे कुजबुजत होतो, वडिलांना काही सांगत नव्हतो. परळच्या धर्मशाळेत एका रात्री ते म्हणाले, "मह्या पायाचं मलाच सांगायचं नाय, मंग कुणाला सांगता रे?" मग सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "पाय राहू द्या. जास्तीचं कर्ज काढू नका. दुखलं की तेवढं बघा."

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केले. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या आणि रात्री झोप लागू लागली. त्यानंतर ते चौदा महिने राहिले. शेवटच्या महिन्यापर्यंत काठी टेकत बांधावर जात आणि टोळी आली का, ते बघत. दुसऱ्या सल्ल्याने माझे वडील वाचले नाहीत, हे मी स्पष्ट लिहितो. पण ते स्वतःच्या दोन पायांवर, सगळे माहीत असून गेले, आणि एकर विकावा लागला नाही.

तरी सभासदांना विनंती, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळपाय एकदा उजेडात धरून बघा. रोग निघालाच तर कागद घेऊन दुसऱ्या जाणत्या डॉक्टरकडे जायला संकोच करू नका. कागद नीट लावून घ्यायला कुणाला मदत लागली, तर मी गट कार्यालयात भेटेन.

आपला,
ऊस विकास अधिकारी